मावशींची मेंढरं

नगर जिल्ह्यात दोन पिकं हमखास येतात, असं काका म्हणतात. एक ऊस आणि दुसरं शब्बाथ शाळेच्या मावश्या. उसाला निदान पाणी तरी लागतं. मावशीला चार पोरं रिकामी बसलेली दिसली की पुरे, तिला तिथंच धुमारे फुटतात.

काका स्वतः ऊसवाले. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात त्यांची उमेदवारी झाली, मग लखनऊच्या ऊस संशोधन संस्थेत आले आणि तिथूनच निवृत्त झाले. दुसरं पीक त्यांच्या घरात चव्वेचाळीस वर्षं उभं आहे. त्यामुळे त्यांच्या मताला वजन आहे. मात्र ते मत ते मावशी बाजारात गेल्यावरच मांडतात.

राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या पट्ट्यात तुमचं जाणंयेणं असेल तर ही मावशी तुम्ही पाहिलेली आहे. चापूनचोपून नेसलेली सुती साडी, काखेला कापडी पिशवी. पिशवीत हजेरीपट, खडूचा डबा, लिमलेटच्या गोळ्या, सुईदोरा, नेलकटर आणि प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळलेलं पवित्र शास्त्र. उपासनेत ती सगळ्यांच्या अर्धी मात्रा पुढे गाते आणि पेटीवाला मुकाट तिच्या मागून जातो. पाळकसाहेबांना ती फार मान देते; संदेश लांबला तर मनगटावरचं घड्याळ काढून कानाशी धरते, बंद पडलंय का बघायला, एवढंच. कुणाकडे मूल जन्मलं की बाळंतविडा घेऊन पहिली पोचते, आणि उठता उठता बोटांवर काहीतरी मोजते. बाळाला चार वर्षं कधी होतील आणि ते वर्गात कधी बसेल, याचा तो हिशेब असतो.

आमच्या मावशी राहुरीच्या. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई ज्या राहुरीत काही वर्षं राहिले, ती राहुरी. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ मावशींनी इतक्या वेळा वाचलंय की लक्ष्मीबाईंबद्दल त्या वर्तमानकाळात बोलतात. “लक्ष्मीबाई असलं काही ऐकून घेतात होय!” असं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत असाव्यात.

बँकेच्या बदलीनं मी लखनऊला आलो त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते. तेलीबागच्या भाजीबाजारात एक बाई भाजीवाल्याच्या पोराकडून मटारच्या शेंगा मोजून घेत पाढा म्हणवत होत्या. पाढा मराठीत. पोरगं “बे त्रिक सा” म्हणत होतं आणि बाप गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत होता, “अंग्रेज़ी सीख रहा है.” मी पुढं होऊन म्हटलं, “तुम्ही मराठी का?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “चित्र काढता येतं?”

शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ड्रॉइंगच्या परीक्षा पास झालो होतो, हे सांगायचा मोह मला आवरला नाही. त्यानंतरचे माझे सगळे रविवार गेले. माझं नाव त्यांनी तिसऱ्या रविवारी विचारलं.

लखनऊ हे मावशींना एका बाबतीत फार सोयीचं शहर पडलं. नगरकडचे ख्रिस्ती लोक एकमेकांना भेटल्यावर “सलाम” म्हणतात. मावशी इथंही सगळ्यांना सलामच करतात. चौकातला चुडीवाला त्यांना पंधरा वर्षं “वालेकुम अस्सलाम, आपाजान” म्हणत आलाय आणि ईदेला शेवया पाठवतो. मावशी नाताळात त्याच्याकडे करंज्या पाठवतात. या घरी नाताळ का करतात, हे त्यानं अजून विचारलेलं नाही. लखनऊ तहजीबीचं शहर आहे.

रविवारी दुपारी काका मारुती बाहेर काढत. रायबरेली रोडनं मोहनलालगंजच्या पुढं गेलं की एक कच्चा रस्ता आत वळतो. त्याच्या टोकाला बटाट्याची शेतं आणि बांधाच्या कडेनं निळ्या ताडपत्र्यांची दहापंधरा पालं. तिथंच मावशींचा वर्ग भरे. माणसं सीतापूर-बहराइचकडची, दोन घरं थेट छत्तीसगडची. बटाटा निघाला की गव्हाची कापणी, मग पिपरमिंट, जूनमध्ये मलिहाबादेत आंब्यावर, पाऊस लागला की धानाच्या रोपणीला; कुणी पंजाबची गाडी धरणार, कुणी वीटभट्टीवर पथाईला बसणार. पत्ता असा कुणालाच नाही. हंगाम हाच पत्ता.

मावशींना यातलं काही नवं नव्हतं. त्यांच्या तरुणपणी राहुरीला कारखान्याजवळच्या माळावर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडत. दिवाळी झाली की बीड-पाथर्डीकडून गाड्या यायच्या आणि उन्हं तापली की परतायच्या. मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायको पहाटे फडात, आणि आठ वर्षांची पोरगी कडेवर धाकट्याला घेऊन कोपी राखायला. साखरशाळा हा शब्द नव्वदच्या दशकात लोकांच्या तोंडी आला. मावशींनी त्याच्या आधीच दोन कोप्यांच्या मध्ये पोतं अंथरलं होतं. “नवरा-बायको मिळून एक कोयता,” त्या सांगायच्या. “मुकादम विचारतो, किती कोयते आले? पोरं कोयत्यात धरत नाहीत. म्हणजे कशातच धरत नाहीत.” एवढं बोलून त्या चष्मा काढून पदरानं पुसायच्या. मावशींनी चष्मा पुसला की तो विषय संपला असं समजायचं.

काकांना याच ठिकाणी बोलायची संधी मिळे. उत्तरेत असली ऊसतोड नसते, ते सांगत. इथं ऊस तोडत नाहीत, ‘छीलतात’. बहुतेक शेतकऱ्याच्या घरची आणि गावातलीच माणसं, आणि बदल्यात जनावरांना अगोला नेतात. अगोला म्हणजे आपले वाढे. मग ते को ०२३८ या जातीवर येत, तिला लागलेल्या लाल सड रोगावर येत, आणि त्यांचा आवाज जड होई. काकांना माणसांची नावं आठवत नाहीत, उसाच्या जाती आठवतात. मावशींच्या वर्गातल्या सगळ्यांत उंच पोराला ते ‘शहाऐंशी-झिरो-बत्तीस’ म्हणत. पोरालाही ते नाव आवडलं होतं. गाडीच्या नंबरासारखं वाटतं म्हणे.

वर्ग रविवारीच का, असं मी एकदा विचारलं. वास्तविक या पोरांना रविवारची सुट्टी वगैरे काही नसतेच. मावशी थांबल्या, आणि मला थेट इंग्लंडात घेऊन गेल्या. १७८० साली ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स नावाच्या छापखानेवाल्यानं रविवारची शाळा काढली. त्या गावात टाचण्या बनवायचा धंदा होता, पोरं सहा दिवस कामावर आणि सातव्या दिवशी रस्त्यावर. त्यांना वाचायला शिकवायचं, म्हणून रविवार. “म्हणजे शब्बाथ शाळा ही मुळात मजुरांच्या पोरांची,” मावशी म्हणाल्या. “झग्यातली पोरं नंतर आली.” तिथून त्या लखनऊला परतल्या. इथं १८७० मध्ये इझाबेला थोबर्न या मिशनरी बाईंनी अमीनाबादेत एका खोलीत सहा मुलींची शाळा सुरू केली तेव्हा दाराशी एक काठीवाला पोरगा राखणीला उभा केला होता. त्या खोलीचं पुढं आय. टी. कॉलेज झालं. “त्यांच्याकडे एक काठीवाला होता,” मावशी समोर बोट दाखवून म्हणाल्या, “मोज माझ्याकडे किती आहेत.”

मोजले. अकरा. प्रत्येक पोराच्या हातात काठी, कारण शेतात नीलगाय आणि मोकाट गुरं शिरतात आणि त्यांना हाकलणं हे पोरांचं काम. गोष्ट रंगात आली की मधेच कुणीतरी “होऽऽ” करून ओरडत उठायचं, निम्मा वर्ग बांधावरून पळायचा, आणि लाल समुद्र तेवढा वेळ दुभंगलेलाच राहायचा.

मावशींचं मुख्य हत्यार म्हणजे फ्लॅनेलचा फळा. लाकडी फळीवर ताणून बसवलेलं फ्लॅनेलचं कापड आणि त्यावर चिकटणारी, मागं फ्लॅनेलचा तुकडा लावलेली कागदी चित्रं. संच नगरच्या कुण्या मिशनरी बाई मायदेशी परतताना देऊन गेलेल्या. सगळे संदेष्टे गोरेपान, गाल गुलाबी. उंदरांनी एक उंट, दोन मेंढरं आणि शलमोन राजाची कंबर खाल्ली होती. ही भरपाई करणं माझ्याकडे आलं. मी तीन रात्री जागून एक उंट काढला. रविवारी तो फळ्यावर लागताच वर्गातून एकमुखानं आरोळी आली, “नीलगाय!” आणि सवयीनं चार पोरं काठ्या घेऊन उठली.

त्यातून भाषेचा घोळ. मावशींचं शास्त्र मराठी, वर्ग हिंदी. मराठीत मोशे, हिंदीत मूसा. मराठीत नोहा, हिंदीत नूह. योसेफाचा यूसुफ होतो, दावीदाचा दाऊद, गल्याथाचा गोलियत. मावशी घाईत असल्या की मोशे म्हणून सुरुवात करत आणि नदीतल्या टोपलीपर्यंत त्याचा मूसा होई. पोरांना बराच काळ वाटत होतं, ही दोन भावंडं आहेत. टोपलीबद्दल मात्र कुणालाच शंका नव्हती. एकाला कर्ण माहीत होता, दुसऱ्याला यमुनेतून नेलेला कृष्ण. नदीत बाळ सोडायचंच असतं, अशी त्यांची समजूत.

योनाच्या दिवशी तर मावशींचा वर्गच कुणीतरी काढून घेतला. मासा फळ्यावर लागला मात्र, डोक्यावर ओढणी घेतलेली एक पोरगी म्हणाली, “ये तो यूनुस अलैहिस्सलाम हैं.” तिच्या नानीनं तिला सगळं सांगितलं होतं. माशाच्या पोटातला अंधार, तिथली प्रार्थना, किनाऱ्यावर टाकणं, आणि मग सावलीला उगवलेला लौकीचा वेल. मावशी नुसत्या मान डोलवत होत्या. गाडी अडली ती वेलावर. एका रात्रीत लौकी एवढी वाढली की माणसावर सावली पडली, हे कुणाला पटेना. मासा पटला, तीन दिवस पोटात राहणं पटलं, वेल पटेना. शेवटी शहाऐंशी-झिरो-बत्तीसनं निवाडा केला, “यूरिया डाला होगा.”

येशूनं दाखले दिले ते शेतकऱ्यांना, कोळ्यांना, मेंढपाळांना. पुढं ते शहरातल्या, पंख्याखाली बसलेल्या लोकांच्या हाती लागले आणि त्या लोकांनी लगेच माना डोलावल्या. मोहनलालगंजच्या बांधावर एकही दाखला तपासणीशिवाय पुढं जात नसे.

पेरणाऱ्याचा दाखला घ्या. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत. “कौन बो रहा था?” पहिला प्रश्न. “दारू पिए था?” दुसरा. बियाणं काय भावानं मिळतं ते तिसऱ्यानं सांगितलं. आपल्या बापानं असं बी उधळलं असतं तर मालकानं त्याला बांधावरच उभं केलं असतं यावर सर्वांचं एकमत झालं. चांगल्या जमिनीत शंभरपट पीक आलं, हे सांगायला मावशींना वेळच मिळाला नाही. पोरं पेरणाऱ्याला कामावरून काढून मोकळी झाली होती.

गव्हातल्या तणाचा दाखला त्या मानानं सुखरूप पार पडला. वैऱ्यानं रात्री येऊन गव्हात निदण पेरलं आणि धनी म्हणाला, आत्ता उपटू नका, गहूही उपटला जाईल. पोरांनी मान्य केलं. ते तण त्यांच्या रोजच्या ओळखीचं. ओंबी येईपर्यंत अगदी गव्हासारखं दिसतं, म्हणून त्याला ‘गेहूं का मामा’ म्हणतात. हे ऐकून मावशी एवढ्या हसल्या की चष्मा घसरला. “बघ रे,” त्या मला म्हणाल्या, “इथं गवतसुद्धा शेतकऱ्याला मामा बनवतं.” मग पोरांना मराठीत ‘मामा बनवणं’ म्हणजे काय ते समजावण्यात पुढचा अर्धा तास गेला आणि स्वर्गाचं राज्य राहून गेलं.

हरवलेल्या मेंढराची गोष्ट मात्र मावशींच्या जिव्हाळ्याची. ती त्यांनी हजारदा सांगितलेली. शंभर मेंढरं, त्यांतलं एक हरवलं, मेंढपाळ नव्याण्णव रानात ठेवून त्या एकाला शोधत गेला, सापडल्यावर खांद्यावर घेऊन आला. इथं मावशी खांद्यावर खरोखरच पिशवी घेतात आणि दम लागल्यासारखं करतात. राहुरीला या जागी बायका डोळे पुसायच्या. इथं मागच्या रांगेतून एक आवाज आला.

“बाक़ी निन्यानबे किसके भरोसे छोड़ीं?”

नऊ-दहा वर्षांचा, शिडशिडीत, समोरचे दोन दात नुकतेच पडलेला. पालांवरच्या सगळ्यांच्या मिळून सतरा शेळ्या तो राखायचा. वर्गात कधी बसायचा नाही; काठीवर हनुवटी टेकून उभा राहायचा, एक डोळा फळ्यावर आणि एक शेळ्यांवर. मावशी म्हणाल्या, देवाच्या भरवशावर. तो म्हणाला, “हमारे यहाँ सियार आता है.”

मावशी गप्प झाल्या. माझ्या माहितीत हे पहिल्यांदाच.

परतताना गाडीत त्यांनी शास्त्र उघडून पाहिलं. लूकमध्ये नव्याण्णव रानात ठेवली, मत्तयात डोंगरावर. कोणाकडे ठेवली, ते कुठंच नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं. ते अर्धा तास बोलले, मूळ ग्रीक शब्दांचा अर्थही सांगितला. मावशींनी घड्याळ कानाला लावलं. घरी येऊन म्हणाल्या, “माणूस विद्वान आहे. शेळी राखलेली नाही.”

तेव्हापासून दर रविवारी पोरगं विचारायचं, “मिला?” आणि मावशी म्हणायच्या, “ढूँढ रही हूँ.”

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला सांगू नका, असं मी मावशींना आधीच सुचवलं होतं. माझं बँकेत आयुष्य गेलंय. मजुरीचा हिशेब मजुरांच्या पोरांपुढं मांडू नये एवढं मला कळतं. मावशींनी अर्थातच सांगितला. मालक पहाटे मजूर आणतो, ठरलेल्या रोजावर. मग नऊला आणखी आणतो, बाराला, तीनला, आणि संध्याकाळी पाचला पुन्हा जातो तर अजून काही माणसं उभीच. त्यांनाही आणतो. सहाला पैसे वाटताना सगळ्यांना सारखी, पूर्ण दिवसाची मजुरी.

“बेईमानी!” असा एकच गिल्ला झाला. काठ्या आपटल्या गेल्या. पहाटेपासून राबलेल्यांच्या बाजूनं सगळा वर्ग उभा राहिला. मुकादम कोण होता, रोज आधी ठरला होता का, हजेरी कोणी लिहिली, अशी चौकशी सुरू झाली. कडेवर भाऊ घेतलेली एक पोरगी होती, अकराएक वर्षांची. ती शांतपणे म्हणाली, “कल से सब पाँच बजे ही आएँगे.” मी मनात म्हटलं, ही पुढं माझ्या जागी बसायला हरकत नाही.

मग एक बारका पोरगा म्हणाला, “वो पाँच बजे तक खड़े काहे थे?”

मावशींनी सांगितलं, त्यांना कुणी कामावर घेतलंच नव्हतं. “तो घर काहे नहीं गए?” दुसऱ्यानं विचारलं. बारक्यानं त्याच्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. त्याचा बाप काम नसलं की सायकलनं तेलीबागच्या लेबर अड्ड्यावर जाऊन उभा राहायचा. “ख़ाली हाथ घर कैसे जाते,” तो म्हणाला.

थोडा वेळ नुसता वारा. एक संदेष्टा फळ्यावरून उडाला, तो कुणी उचलला नाही. मग कडेवर भाऊ असलेल्या पोरीनं भावाला एका कडेवरून दुसरीवर घेतलं आणि मालकाला परवानगी दिली, “ठीक है फिर. दे दो पूरी.”

मावशींनी चष्मा पुसला.

हे सगळं चालू होतं तो २०२०-२१ चा हिवाळा. नोव्हेंबरात राज्यात धर्मांतराविरुद्धचा अध्यादेश आला होता, पुढं २०२१ मध्ये त्याचा कायदा झाला. मला धास्ती होती. माझी पेन्शन अजून सतरा वर्षं लांब होती. मावशींनी पहिल्याच दिवशी पालापालावर जाऊन आयाबापांना सांगून ठेवलं होतं: गोष्टी सांगणार, अक्षरं आणि हिशेब शिकवणार. नाव बदलायचं नाही, देव बदलायचा नाही, फक्त नखं कापायची. तरी एक दिवस एक तरुण मोबाइल उंचावून, व्हिडिओ काढतच आला. “यहाँ क्या चल रहा है?”

“पढ़ाई,” मावशी म्हणाल्या. “देर से आए हो. जूते उधर. नाम?”

तो गोंधळला. मावशींनी हजेरीपटात त्याचं नाव लिहिलं. त्या दिवशी दावीद आणि गल्याथ होता आणि गल्याथ व्हायला पुरेसा उंच माणूस कधीच मिळत नसे. शहाऐंशी-झिरो-बत्तीससुद्धा कमी पडायचा. पुढच्या मिनिटाला तो तरुण डोक्यावर पातेलं घालून बांधावर उभा होता आणि त्याचाच मोबाइल धरून मी शूटिंग करत होतो. शेळीवाल्या पोरानं त्याला ढेकळानं तीनदा पाडलं. दोनदा तर पोरांच्या आग्रहावरून. जाताना त्यानं लिमलेटची गोळी घेतली. तो व्हिडिओ त्यानं कुठंही टाकला नाही. टाकणार कसा?

फेब्रुवारीत बटाट्याची खुदाई संपत आली. मावशींनी रूथची गोष्ट काढली. परमुलखातली विधवा, सासूबरोबर आलेली, दुसऱ्याच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून पडलेली कणसं वेचते. मराठी शास्त्रात त्याला ‘सरवा’ वेचणं म्हणतात. मला तो काहीतरी सारवण्याचा प्रकार वाटला होता. “पुण्याचा ना तू,” मावशी म्हणाल्या आणि मला सोडून त्यांनी हिंदी बायबल उघडलं. हिंदीत शब्द निघाला ‘सिला’.

“सिला बीनना!” सगळा वर्ग उभा राहिला. त्या दिवशी सकाळीच सगळ्यांनी तेच केलं होतं. खुदाई झालेल्या शेतात मातीखाली राहिलेले बटाटे उकरायचे, ते पोरांचे. कुठल्या वाफ्यात जास्त सापडतात, मालक कधी ओरडतो, कधी काणाडोळा करतो, हे सांगण्यात रूथ बिचारी बाजूलाच पडली. मावशी त्यांना म्हणाल्या, मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलंय की शेताचे कोपरे कापायचे नाहीत आणि पडलेलं उचलायचं नाही, ते गरिबांचं आणि परक्या मुलखातून आलेल्यांचं. नेमका शेतमालक मोटरसायकलवरून येऊन थांबला होता. त्यानं हे लक्ष देऊन ऐकलं आणि काळजीनं विचारलं, “मौसीजी, ये उन तीन क़ानूनों में से है?” त्या सुमारास तीन कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसलेले. मावशी म्हणाल्या, त्याच्या बऱ्याच आधीचा आहे. “वापस हुआ कि लागू है?” मावशी म्हणाल्या, लागू आहे. मालक विचार करत गेला.

त्या दिवशी दानथैली फिरली तेव्हा ती जड लागली. आत बटाटे होते, सुपारीएवढे. मावशींनी सगळे घरी आणले, सालीसकट जिऱ्यावर परतले आणि आम्हाला जेवायला बोलावलं. काका दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागले तेव्हा त्यांच्या हातावर चापटी बसली. “सरवा आहे तो. पोटभर खायचा नसतो.”

पुढच्या रविवारी शेवटची चार पालं उतरत होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाटा, हांडे, कोंबड्या. मावशींनी हजेरीपट काढला. जी पोरं गेली त्यांच्या पुढं त्या गैरहजर लिहीत नाहीत, ‘गावी’ लिहितात. गाव कुठलं ते त्यांनाही माहीत नसतं. नखं कापून झाली, गोळ्या वाटून झाल्या. शेळीवाला पोरगा शेळ्या ट्रॉलीशी आणून उभा होता, काठीवर हनुवटी टेकून. मावशींनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होतं आणि उत्तर नव्हतं.

“मौसी,” तो म्हणाला, “वो निन्यानबे का मिल गया.”

“कुठं? कहाँ मिला?”

“एक लड़का रहा होगा,” तो म्हणाला. “गड़रिया उसको बोल के गया होगा, देखे रहना. कोई न कोई रहता ही है. किताब वाले ने नहीं लिखा होगा.”

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. हात चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यावरून परतला. मग त्या माझ्यावर ओरडल्या, “बघत काय बसलास? पेन्सिल काढ!”

ट्रॉलीवाला हॉर्न देत होता. हजेरीपटाच्या मागच्या पुठ्ठ्यावर मी घाईघाईनं एक पोरगा काढला, काठी घेतलेला, मागं ठिपक्याठिपक्यांची मेंढरं. मावशींनी कात्रीनं कापला, पाठीमागं फ्लॅनेलचा तुकडा सुईदोऱ्यानं टाचला, आणि फळा गाडीच्या बॉनेटवर उभा करून त्यावर बसवला. मेंढपाळ एका कोपऱ्यात, खांद्यावर एक मेंढरू. हा दुसऱ्या कोपऱ्यात.

पोरगा ट्रॉलीवरून वाकून निरखत राहिला. इंटरमिजिएटचा परीक्षकसुद्धा माझ्या चित्राकडे एवढा वेळ बघत नव्हता.

“डंडा छोटा है,” तो म्हणाला. “नीलगाय नहीं भागेगी.”